पाचवी वस्तू

१

पडदे शिवणाऱ्या बाईला लोक खिडकीपाशी नेऊन उभं करतात आणि आपण आत निघून जातात. "तुम्ही घ्या हं मापं निवांत, मी आहेच आत." मग उरते मी, माझी मोजपट्टी आणि परक्या माणसांचा दिवाणखाना. काचेच्या कपाटात बाटल्या मांडलेल्या असल्या तर त्यासुद्धा. काही लोक बाटल्या अशा मांडतात, जणू धावण्याच्या शर्यतीत मिळाल्या आहेत.

मी दारू सोडली आहे. किती दिवस झाले ते मोजत नाही. मोजलं की साजरं करावंसं वाटतं, आणि साजरं करायचं मला एकाच पद्धतीनं येतं.

आम्ही काही बायका दर आठवड्याला एका शाळेच्या रिकाम्या वर्गात जमतो. तिथल्या सगळ्यात जुन्या म्हणजे नर्सबाई. निवृत्त झाल्या, पण आवाज अजून वॉर्डातलाच. त्यांनी मला एक युक्ती शिकवली. "तलफ आली ना, की तिच्याशी भांडत बसू नकोस. भांडणात ती जिंकते. आहेस तिथं थांब आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तू मोठ्यानं म्हण. सावकाश, एकेक. भिंत, जमीन, छत चालणार नाही, ते न बघताही म्हणता येतं. अंगावरचं नि पिशवीतलंही नाही. खरंच बघून म्हणायचं."

सुरुवातीला हसू आलं मला. म्हटलं, हे काय बालवाडीसारखं! पण लागू पडलं. "खिडकी... दांडी... फुलदाणी..." करत पाचवीपर्यंत पोचेस्तोवर घशातली ओढ सैल होत जायची. एकदा एका आजोबांनी आतून विचारलं, "कोणाशी बोलताय?" मी म्हटलं, "तुमच्या फुलदाणीशी. गोड आहे हो."

हे सगळं चाललं होतं ते भिंगरीसाठी. भिंगरी म्हणजे माझी मुलगी. एका जागी म्हणून बसत नाही, त्यामुळे सगळे तिला तेच म्हणतात. तिचे बाबा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या संसारात. माझं बिनसलं तेव्हा माझी ताई तिला आपल्या घरी घेऊन गेली. ताईनं परवा परवा कबूल केलं होतं की शाळा सुरू व्हायच्या आधी भिंगरीला माझ्याकडे आणून सोडेल. "पण एकदा जरी पाय घसरला ना," ती म्हणाली होती, "तर मग पुन्हा मागू नकोस." ताई जे बोलते ते करते. लहानपणापासून तिचं तसंच आहे.

२

नव्या इमारतीतलं एक घर होतं. मालक राहायला यायचे होते, त्याआधी पडदे तयार हवे होते. किल्ली पहारेकऱ्याकडून घेतली आणि वर गेले. भर दुपार, लख्ख ऊन, घरात एक वस्तू नाही.

दार उघडलं आणि नाकात स्पिरिट शिरलं. सुतारांनी चौकटींना पॉलिश केलं होतं, बहुतेक त्याच सकाळी. आता पॉलिशचा वास आणि दारूचा वास यात फरक असतो हे मला कळत नाही का? डोक्याला कळतं. जिभेला कोण समजावणार! तोंडाला पाणी सुटलं. मोजपट्टी खाली ठेवली आणि सुरू केलं.

"खिडकी."

"दार."

"बल्ब."

"बटण."

आणि पाचवं काही नव्हतंच. मी गोल फिरले. नुसत्या भिंती आणि फरशी. साधं कॅलेंडर नाही, खिळा नाही. तो वास मात्र जोर करत होता आणि डोक्यात येत होतं, खाली कोपऱ्यावरच तर दुकान आहे, पटकन जाऊन येता येईल. मी घाबरले. पाच तर म्हणायला हवेत, नाहीतर हे सुटणार नाही, असं वाटलं आणि काहीतरी म्हणून टाकायचं म्हणून म्हटलं, "खुर्ची."

तलफ गेली.

म्हणजे एरवी ती हळूहळू उतरते, मागे थकवा ठेवून जाते. या वेळी तसं नाही. बटण दाबल्यावर दिवा जातो तशी गेली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? शिट्टी वाजवत मापं घेतली.

बाहेर पडून कुलूप लावत होते, तेव्हा आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. लाकडाचा पाय फरशीवर ओढावा तसा, जरासाच. मी कान देऊन उभी राहिले. मग म्हटलं, वरच्या मजल्यावर सामान हलवत असतील.

किल्ली परत देताना पहारेकऱ्याला सहज विचारलं, वर कोण राहायला आलंय. तो म्हणाला, "अजून कोणीच नाही हो. अख्ख्या इमारतीत मी एकटा."

३

त्यानंतर एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. चांगल्या बाई. "सरबत करते," म्हणून आत गेल्या आणि स्वयंपाकघरातून पेल्यात बर्फ पडल्याचा आवाज आला. बस. तेवढंच पुरलं. बर्फाला काय ठाऊक तो सरबतात पडतोय की कशात!

मी पडद्याची दांडी धरून म्हणायला लागले. "खिडकी. सोफा. घड्याळ. कुंडी." आणि नजर पुढे सरकली तिथं खिडकीच्या उजव्या हाताला खुर्ची होती. साधी, लाकडी, पाठीला दोन आडव्या पट्ट्या, बसायला तपकिरी गादी. "खुर्ची," मी म्हटलं. तलफ गेली. तशीच, खटकन.

डॉक्टरीणबाई पेला घेऊन आल्या. "पडदे लागले की त्या तिथं काहीतरी ठेवीन म्हणते," त्या खिडकीच्या उजव्या हाताला बोट दाखवून म्हणाल्या. "फार रिकामं वाटतं नाही?"

मी पाहिलं. रिकामंच होतं.

घरी जाताना मी स्वतःला समजावलं. वर बघून बघून डोळ्यांपुढे अंधारी येते, तसं झालं असेल. सोफ्याची पाठ दिसली असेल. सोफा निळा होता आणि पाठीला पट्ट्या नव्हत्या, ही गोष्ट वेगळी.

४

मग ती सगळीकडे दिसायला लागली.

नेहमी नाही हं. तलफ आली आणि मी म्हणायला लागले की मगच. चार वस्तू शोधायच्या, पाचवी आयती. शिकवण्या घेणाऱ्या मास्तरांच्या घरी ती पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून होती. एका म्हातारीच्या झोपायच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी, अर्धी वळलेली. शिंपीकामाच्या सामानाच्या दुकानात, जिथं मी अस्तराचं कापड घेते, तिथं गठ्ठ्यांच्या मधे, तोंड माझ्याकडे. आणि दर वेळी म्हटलं रे म्हटलं की तलफ गायब.

मी काय केलं असेल? घाबरून थांबले असेन? छे! मला सोय झाली. आता हसाल, पण खरंच, मला मनातून तिचे आभार मानावेसे वाटायचे. दारूपेक्षा खुर्ची परवडली, म्हटलं. कोणाचं काय बिघडवतेय? आणि एकदा हेही म्हटलं की दारू सोडल्यावर मेंदू काही दिवस चाळे करतो, आमच्या गटातल्या एकीला तर महिनाभर कुत्रं भुंकल्याचं ऐकू यायचं.

एक विचार मात्र बसू देईना. ही खुर्ची कुठली? लोकांना आपापल्या पिण्याच्या जागा असतात, त्या आठवणीतून येतात म्हणे. पण मी तर कधीच बसून प्यायले नाही. मी पीत असे ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून, घाईघाईत, कोणी यायच्या आत. अशी खुर्ची आमच्या घरात कधी नव्हती. माहेरी नव्हती, शाळेत नव्हती. मी आठवून आठवून दमले. डोक्याचा नुसता गोंधळ झाला.

आणि मग मास्तरांकडे पडदे लावायला पुन्हा गेले. दुपारी त्यांच्याकडे कोणीतरी पाहुणे येऊन गेले होते, तिपाईवर दोन रिकामे ग्लास तसेच होते, तळाशी थेंबभर उरलेलं. मी स्टुलावर उभी होते, तिथंच पाठ फिरवली आणि म्हणायला लागले. पाचवीला खुर्ची होती, आता कपाटाशी नाही, खोलीच्या मधोमध. मी तिच्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. गादी मधे दबलेली होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली. आत्ता कोणी उठून गेलं की गादी फुगते ना, तशी.

मी स्टुलावरून उतरले. कोण उठलं, आणि उठून कुठं उभं राहिलं, हे बघायला मी मान वळवली नाही. पडद्याच्या कड्या तशाच हातात घेऊन बाहेर आले.

५

आमची बैठक संपली की वर्गातल्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवाव्या लागतात. बाकीच्या बायका गेल्या. मी आणि नर्सबाई रचत होतो. मी हळूच विषय काढला.

"बाई, त्या पाच वस्तूंत एखादी न दिसणारी म्हटली तर काय होतं?"

बाईंचे हात थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे समजा खोलीत काहीच नाहीये, आणि उगीच एक म्हणून टाकली."

"तसं करायचं नसतं."

"हो, पण केलं तर?"

"जेवलीस का तू दुपारी?"

"जेवले हो."

"झोप लागते?"

"बाई, मी काय विचारतेय!"

त्या माझ्याकडे बघत होत्या, की माझ्या जरा बाजूला, ते मला कळेना. मग एकदम वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, "हे बघ. चार म्हणून थांबायचं. पाचवी खरी सापडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. जीव गेला तरी. खरं काहीतरी असतंच कुठंतरी."

"आणि जे आधीच म्हणून झालंय त्याचं काय?"

 उरलेल्या खुर्च्या त्यांनी भराभर उचलल्या आणि दिवे घालवले. मी घरी येईपर्यंत एकच आठवायचा प्रयत्न करत होते. इतक्या बैठका झाल्या, दोन दोन तास चालतात, आम्ही सगळ्या कोंडाळं करून बसतो. बाई फळ्यापाशी उभ्या असतात. "ड्युटीची सवय गं," म्हणतात. या बाईंना बसलेलं मी कधी पाहिलंय का? एकदाही आठवेना.

ताईला सांगायचं असं एकदा मनात आलं होतं. फोन हातातही घेतला. काय सांगणार होते? मला खुर्ची दिसते? ती काय म्हणेल ते मला तिच्या आवाजात ऐकू आलं. भिंगरी रविवारी यायची होती. मी फोन ठेवला आणि तिच्या खोलीच्या पडद्याला झालर लावायला घेतली.

६

रविवारी सकाळीच गाडी आली. भिंगरी जिन्यावरून पळत वर, तिच्यामागे ताई, आणि सगळ्यात मागे घामाघूम भाऊजी, हातात पुस्तकांचं खोकं.

"मावशी म्हणते की मला भेंडी खायला लावायची नाही," भिंगरीनं आल्या आल्या जाहीर केलं.

"मी असं कधी म्हटलं गं?" ताई म्हणाली. "बघ, आली नाही तोवर चुगल्या."

ताईनं सगळं घर पाहिलं. मोरीत डोकावली, फ्रिज उघडला, ओट्याखालचं कपाटही उघडलं.  हक्क आहे तिचा. मग ती भिंगरीच्या खोलीत गेली, झालरीचे पडदे बोटांत धरून उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. "छान झालेत," ती म्हणाली. "तू छान केलंस सगळं." ताईनं माझं असं कौतुक केल्याला किती वर्षं झाली, देव जाणे. मला रडूच फुटलं. भाऊजी खोकं दाराशी ठेवून बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना असलं काही सोसत नाही.

दुपारचं जेवण करून ते दोघं गेले. भिंगरी आत आपली पुस्तकं लावायला गेली. गाणं म्हणत होती, उड्या मारत होती, खाली राहणारे उद्या नक्की तक्रार करणार असं मला वाटलं आणि त्याचाही आनंद झाला. मी भांडी घासायला ओट्याशी उभी राहिले.

आणि तिथं तलफ आली. इतकी जोरात कधीच आली नव्हती. दुःखात येते हे ठाऊक असतं, आनंदात येते तेव्हा माणूस बेसावध असतो. सगळं चांगलं झालं, आता एक घोट, एकच, उभ्या उभ्या. मी नळ बंद केला.

"कढई," मी म्हटलं. "गाळणी. डबा. खिडकी."

आणि थांबले. ती कुठं असणार ते मला ठाऊक होतं. डाव्या डोळ्याच्या कडेला, फ्रिजच्या पलीकडे, तपकिरी काहीतरी होतं. मी तिकडे बघितलं नाही. ओठ घट्ट मिटले. घामानं पाठ भिजली. खरं काहीतरी, म्हटलं. देवा, काहीतरी खरं दाखव. समोर दहा वस्तू असतील, पण त्या क्षणी मला एकीचंही नाव सुचेना. डोकं नुसतं कोरं.

"आई, कोणाशी बोलतेस?"

दारात भिंगरी उभी होती, हातात फाटकं चित्रांचं पुस्तक घेऊन. माझा जीव भांड्यात पडला. यापेक्षा खरं या जगात माझ्याकडे काय होतं?

"भिंगरी," मी म्हटलं. पाचवी.

तलफ खटकन गेली. डाव्या डोळ्याच्या कडेचं तपकिरीही गेलं. मी मोठ्यानं हसले. ती म्हणाली, "काय गं, वेडी," आणि आत पळाली.

७

राहिलेली भांडी घासून झाली. हात पुसताना लक्षात आलं की गाणं थांबलंय. उड्याही.

झोपली असेल, म्हटलं. सकाळपासूनची दगदग. पण भिंगरी दुपारी झोपत नाही, तान्ही होती तेव्हाही झोपत नसे.

मी खोलीच्या दाराशी गेले. ती खिडकीपाशी बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर, पाय अधांतरी हलत होते. ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. खोक्यावर बसलीय, मी म्हटलं. पण खोकं तर माझ्या पायाशी होतं, दारातच. मग पलंगावर, म्हटलं. पलंग या भिंतीला होता. त्या बाजूला मी अजून काहीही ठेवलं नव्हतं. तिच्या खाली फरशी दिसत होती, फरशीवर तिची सावली, आणि सावलीत आणखी चार पाय.

"आई," ती मला न बघता म्हणाली, "तू पण बस ना. जागा आहे."

मी कशी गेले, कशी तिला काखेत धरून उचललं, मला आठवत नाही. जड लागली. नेहमीची भिंगरी मी एका हातानं उचलते. हिला ओढून काढावं लागलं. खालून तिचा फ्रॉक गरम होता, कोणाच्या तरी मांडीवर बसून उठल्यासारखा. मी तिला कडेवर घेतलं आणि घराबाहेर आले.

"मला खाली सोड. मला बसायचंय."

"नाही."

"का पण?"

तिला या घरात ठेवता येणार नव्हतं, एवढंच मला कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं. पाचवी म्हणून, खुर्चीच्या जागी, तिचं नाव मी घेतलं होतं, म्हणजे ती माझ्याजवळ असेपर्यंतच हे चालणार का? की तिच्याबरोबर जाणार? कोणाला विचारू? ताईला खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बस जरा, पाणी पी, उद्या डॉक्टरांकडे जाऊ. उद्यापर्यंत वेळ नव्हता. ताईला तशीच्या तशी मागे फिरवेल असा एकच शब्द मला ठाऊक होता. तो म्हटल्यावर काय जाईल तेही ठाऊक होतं. जिन्यात उभ्या उभ्या मी फोन लावला.

"ताई, हिला घेऊन जा. आत्ता."

"का? काय झालं?" आणि मग, माझा श्वास ऐकून, अगदी हळू, "प्यायलीस?"

"हो."

पलीकडे गाडीचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "आम्ही अजून पुलावरसुद्धा पोचलो नाही गं." एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

भिंगरीनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "आई, तू कुठं प्यायलीस? तू तर भांडी घासत होतीस."

"गप्प बस," मी म्हटलं, आणि लगेच, "बसू नकोस. नुसती गप्प राहा."

तिला कडेवर घेऊन मी उभी राहिले. तिच्या एवढ्या मुलीला कोणी कडेवर घेत नाही. दंड भरून आले. कठड्याला टेकावंसं वाटलं, पण टेकले असते तर तिचं बूड कठड्यावर टेकलं असतं. मागे घरात, दार सताड उघडं होतं तिथून, फरशीवर लाकूड सरकलं. एकदा. मग थोड्या वेळानं, जरा जवळ, पुन्हा. मी मान वळवली नाही.

ताई धापा टाकत वर आली, मागोमाग भाऊजी. तिनं मला पाहिलं. घामानं निथळलेली, डोळे तांबारलेले, जागच्या जागी झुलतेय. तिनं नाक जवळ आणलं, वास घेतला आणि तोंड फिरवलं. "वाससुद्धा येऊ देत नाही आता," ती भाऊजींना म्हणाली. तिनं माझ्या हातांतून भिंगरीला ओढून घेतलं. भिंगरी माझी ओढणी सोडेना, तर एकेक बोट उलगडून सोडवली.

"ताई, एक ऐक. हिला कुठंही बसू देऊ नकोस. गाडीत मांडीवर घे, तू घे, पण एकटीला बसवू नकोस."

ताई दोन पायऱ्या उतरली होती. तिथूनच तिनं वळून पाहिलं. भिंगरीचं डोकं तिनं हातानं आपल्या खांद्यात दाबून धरलं होतं, मी दिसू नये म्हणून.

"तू आधी स्वतः नीट उभी राहा," ती म्हणाली.